शालिहोत्र, सालोत्री आणि घोड्यांचें रुग्णालय

गेल्या पावसाळ्यांत एका माजी विद्यार्थ्याबरोबर मला मोठ्या जनावरांच्या एका रुग्णालयांत जाण्याचा प्रसंग आला. विद्यार्थ्याच्या ओळखीच्या एका घोडेवाल्याचें तट्टू आदल्या रात्रीपासून पोटदुखीनें लोळत होतें. तें टेंपोंत घालून तेथें आणलें होतें. लोखंडी नळ्यांच्या खोड्यांत तें उभें केलेलें होतें. पुढच्या पायानें तें जमीन उकरी आणि मान वळवून वारंवार आपल्याच कुशीकडे पाही. तरुण डॉक्टरीणबाईंनीं प्रथम त्याच्या हिरड्यांचा रंग पाहिला, दोन्ही कुशींवर वर-खालीं नळी लावून आंतड्यांचा आवाज ऐकला, नाडीचे ठोके मोजले, आणि मग एक लांब रबरी नळी नाकपुडींतून हळूहळू जठरांत उतरविली. घोड्याला ओकतां येत नाहीं. जठरांत वायु व पाणी कोंडलें तर तें बाहेर काढण्यास हाच एक मार्ग राहतो. नळींतून आंबूस पाणी बादलींत पडूं लागलें तसें तट्टू निवळलें. बाईंनीं लगेच केसपेपरावर वेळ, ठोके, काय दिलें व काय झालें तें लिहून ठेविलें. घोडेवाला समाधानानें म्हणाला, “आमचा आजा सालोत्री होता, पण त्याला ही नळी ठाऊक नव्हती.” बाईंनीं मान वर करून विचारलें, “सालोत्री म्हणजे काय हो?”

त्या प्रश्नानें मला या लेखास प्रवृत्त केलें. ज्या विद्येची पदवी बाईंनीं घेतली तिच्या आद्य आचार्याचेंच नांव त्या शब्दांत दडलेलें आहे. शालिहोत्र हें मूळ. त्यावरून ग्रंथाचें नांव ‘सालोतर’ आणि त्या ग्रंथाप्रमाणें घोड्यांवर उपचार करणारा तो सालोत्री. शब्दांतील ‘त्र’ टिकून राहिला आहे, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. निव्वळ लोकांच्या तोंडीं घासला जाऊन तो आला असता तर प्राकृताच्या नियमानें त्याचा ‘त्त’ झाला असता. यावरून मी असें अनुमान करतों कीं, हा शब्द दीर्घकाळ पोथीच्या आधारानें वावरत होता. सालोत्र्याच्या पाठीशीं पुस्तक होतें. रुग्णालयें आलीं आणि त्याची विद्या बुडाली, असें सर्वत्र समजतात. ही समजूत मला अर्धीच खरी वाटते. उरलेल्या अर्ध्या दोषाचे धनी आपण, म्हणजे पोथ्या गोळा करणारे, आहों. तें कसें, हें पुढें यथाक्रम सांगतों.

शालिहोत्राच्या काळाचा ऊहापोह येथें करीत नाहीं. हत्तींच्या शास्त्राचा जसा पालकाप्य, तसा घोड्यांच्या शास्त्राचा शालिहोत्र, अशी परंपरा आहे. महाभारतांत नकुल हा घोड्यांचा जाणता म्हणून प्रसिद्ध. विराटाच्या घरीं अज्ञातवासांत ‘ग्रंथिक’ हें नांव घेऊन त्यानें तेंच काम पत्करलें, आणि पुढें अश्वचिकित्सेचा एक ग्रंथ त्याच्याच नांवावर रूढ झाला. जयदत्तसूरीचें ‘अश्ववैद्यक’ आणि नकुलाचा हा ग्रंथ उमेशचंद्र गुप्त यांनीं संपादून कलकत्त्याच्या ‘बिब्लिओथेका इंडिका’ मालेंत १८८७ च्या सुमारास छापविले. तंजावरच्या सरस्वती महालांतील नकुलाचें सचित्र ‘अश्वशास्त्र’ १९५२ सालीं प्रसिद्ध झालें. पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ मात्र पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९४ सालींच छापून काढला होता. घोड्यावर बसून ज्यांनीं अटकेपर्यंत मजल मारली त्यांच्या राजधानींत हत्तीचें वैद्यक छापलें जावें आणि घोड्याचें वैद्यक कलकत्त्याहून मागवावें लागावें, याची मला नेहमीं मौज वाटत आली आहे.

या ग्रंथांचा घाट ठराविक असतो. घोड्यांच्या जाति व रंग, अंगावरील आवर्त म्हणजे भोंवरे व त्यांचीं शुभाशुभ फळें, वय, चाल, ऋतुपरत्वें खाणेंपिणें, आणि मग वात, पित्त व कफ यांच्या हिशेबानें रोग व त्यांवरील काढे, नस्य, बस्ति, शिरावेध. आजचा वाचक भोंवऱ्यांच्या शकुनापाशीं अडखळतो व पुस्तक मिटतो. त्यानें थोडा धीर धरून वयाचें प्रकरण पाहावें. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत अश्वलक्षणाच्या ओघांत हा विषय थोडक्यांत आला आहे. समोरच्या दांतांपैकीं मधली जोडी, तिच्या शेजारची जोडी व कडेची जोडी पडून नवी येण्यावरून अनुक्रमें तीन, चार व पांच वर्षें वय ओळखावें, असा त्याचा आशय आहे. आजच्या पशुवैद्यकांत दुधाचे हे दांत अडीच, साडेतीन व साडेचार या वर्षांच्या सुमारास पडतात आणि पांचव्या वर्षीं तोंड पूर्ण भरतें असें शिकवितात. म्हणजे सहाव्या शतकांतील ज्योतिष्यानें नोंदलेली ही गोष्ट कोणीतरी घोड्याचें तोंड उघडून, एकदां नव्हे तर पुष्कळदां पाहिलेली आहे. त्यापुढें तीन-तीन वर्षांच्या टप्प्यांनीं दांतांवरील काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या वगैरे खुणांची जी मालिका दिली आहे ती इतकी नेमकी नाहीं. ती आंखीव दिसते. पण दहा वर्षांपुढें दांतांवरून वय सांगतांना आजचे जाणतेहि चांचरतातच.

आतां रुग्णालयाकडे वळण्यापूर्वीं एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. अशोकानें जनावरांचीं रुग्णालयें स्थापन केलीं, असें विधान शालेय पुस्तकांपासून संस्थांच्या अहवालांपर्यंत सर्वत्र आढळतें. मींहि तें मुलांना अनेक वर्षें शिकविलें. आधार म्हणून दाखवितात तो गिरनार वगैरे ठिकाणचा दुसरा शिलालेख. तो लक्षपूर्वक वाचला तर त्यांत माणसांची व पशूंची अशी दोन प्रकारची चिकित्सा केल्याचें सांगितलें आहे. औषधी वनस्पति, मुळें व फळें जेथें नव्हतीं तेथें तीं आणवून लावल्याचें, आणि वाटांवर विहिरी खणून झाडें लावल्याचें सांगितलें आहे. इमारतीचें नांव नाहीं. चिकित्सा म्हणजे उपचार. त्याचें रुग्णालय नंतरच्या लेखकांनीं केलें. अशोकाचा मोठेपणा यानें तिळभरहि कमी होत नाहीं, परंतु जें लेखांत नाहीं तें त्यांत वाचूं नये, एवढें आपल्यासारख्यांनीं तरी पाळलें पाहिजे.

ज्या ठिकाणीं घोड्यावर नियमानें उपचार होत तें ठिकाण रुग्णालय नसून पागा होती, आणि तिचें सर्वांत बारकाईचें वर्णन कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाच्या प्रकरणांत आहे. १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं तो ग्रंथ छापून उजेडांत आणला. घोड्यांचें कुल, वय, रंग, खुणा व तो कोठून आला हें अध्यक्षानें टिपून ठेवावें. व्यंग असलेले व आजारी घोडे कळवावे. शाळा घोड्यांच्या संख्येच्या मानानें लांब असावी, वगैरे गोष्टी त्यांत आहेत. तेथें वानर, मोर, मुंगूस, चकोर, पोपट व मैना हींहि ठेवावीं असें म्हटलें आहे. तबेल्याची बला माकडाच्या डोक्यावर, अशी जी म्हण हिंदुस्थानींत चालते तिचें मूळ या जुन्या रिवाजांत असावें असें दिसतें. पण माझ्या दृष्टीनें महत्त्वाचा भाग पुढें आहे. चिकित्सकाच्या हयगयीनें रोग वाढला तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड, आणि त्याच्या चुकीनें विपरीत झालें तर जनावराच्या किंमतीएवढा दंड, असा दंडक कौटिल्यानें घालून दिला आहे. म्हणजे घोड्याच्या वैद्याची जबाबदारी पैशांत मोजण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. दंड ठरवावयाचा तर काय दिलें व काय झालें हें कोठें तरी लिहिलेलें असलें पाहिजे, हेंहि ओघानेंच येतें.

मराठेशाहींत घोड्याची काळजी औषधापेक्षां दाण्यापासून सुरू होई. चिपळूण भागांत छावणीस असलेल्या लष्कराच्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनीं १६७० नंतरच्या दशकांत लिहिलेलें पत्र सर्वांच्या परिचयाचें आहे. रयतेस उपद्रव देऊं नये, याचा आधार म्हणून त्याचा उल्लेख नेहमीं होतो, व तो योग्यच आहे. परंतु त्या पत्राचा कणा घोडा आहे, हें आपण विसरतों. पावसाळ्यासाठीं जमा केलेला दाणा व वैरण आतांच उधळली तर ऐन पावसांत मिळणार नाहीं, घोडीं उपाशीं मरतील, आणि तीं तुम्हींच मारल्यासारखें होईल. गवताच्या गंजीजवळ आगटी किंवा दिवा ठेवूं नये, उंदीर पेटती वात पळवून नेईल: असा त्याचा सारा रोख आहे. मी यास अश्ववैद्यकाचा कागद मानतों. कोंकणच्या पावसांत, ओल्या जागेंत, अर्धपोटीं बांधलेल्या घोड्याला कोणता काढा तारणार?

घोडा कोणाचा, यावर त्या काळीं पुष्कळ गोष्टी अवलंबून होत्या. बारगिराचा घोडा सरकारी पागेचा. तो मेला तर सरकारचें नुकसान. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. तो मेला तर शिलेदाराची पोटाची वाट बंद. शिलेदारास मोहिमेपूर्वीं आगाऊ मिळणाऱ्या रकमेस ‘नालबंदी’ म्हणत. नाल हा शब्द अरबी आहे, आणि नालबंद म्हणजे नाल ठोकणारा; पण आपल्या दप्तरांत त्याचा अर्थ स्वार तयार करण्याचा पैसा असा विस्तारला. घोड्यांच्या रंगांचीं अबलख, कुमाईत यांसारखीं नांवें बाहेरून आलेलीं. हा परकी शब्दांचा ओघ मुसलमानी अमलांतच सुरू झाला असें मात्र समजूं नये. बाराव्या शतकांत हेमचंद्रानें आपल्या कोशांत कोकाह, खोंगाह, सेराह अशीं घोड्यांच्या रंगांचीं जीं नांवें दिलीं आहेत तीं संस्कृत धातूंतून निघणारीं नव्हेत. तीं घोड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर आलीं. घोडा हा विकत आणलेला प्राणी. त्याचे शब्दहि त्याच्याबरोबर दोरीला बांधून आले. अशा बाबतींत कै. प. कृ. गोडे यांचा कित्ता आपल्यापुढें आहे. घोड्यांच्या खाद्यांतील हरभऱ्याचा इतिहास त्यांनीं संस्कृत ग्रंथांपासून परकी प्रवाशांच्या वृत्तांतांपर्यंत माग काढून लिहिला. एका मूठभर चण्याचा इतका विचार झाला, आणि तो चणा खाणाऱ्या घोड्याच्या दुखण्याचा त्याच्या शतांशानेंहि झाला नाहीं.

सालोतराची पोथी मात्र एका जागीं बसून राहिली नाहीं. शाहजहानच्या काळीं अब्दुल्लाखान फीरोजजंग या सरदारानें संस्कृत सालोतराचें फारसी रूपांतर करविलें. मूळ संस्कृत पुस्तक मेवाडच्या राणा अमरसिंहाच्या ग्रंथांत मिळालें असें सांगतात. त्याच फारसीवरून जोसेफ अर्ल्स या इंग्रजानें भाषांतर केलें व तें १७८८ सालीं कलकत्त्यास छापलें. उर्दू कवि सआदत यार खान रंगीन यानेंहि एक फरसनामा लिहिला. त्याचें इंग्रजी भाषांतर फिलट यानें १९११ सालीं प्रसिद्ध केलें. फारसी-अरबींत घोड्याच्या वैद्यास ‘बैतार’ असा शब्द होताच, आणि तो ग्रीक ‘हिप्पिआत्रोस’ वरून आलेला; तरी हिंदुस्थानांत सालोत्री हाच शब्द जिंकला. एवढेंच नव्हे तर इंग्रजी फौजेंतील देशी रिसाल्यांत ‘सालुत्री’ हें एक पदच होऊन बसलें. त्या रिसाल्यांपैकीं पुष्कळ ‘सिल्लादार’ पद्धतीचे होते, म्हणजे आपलाच शिलेदार इंग्रजी गणवेशांत. स्वार घोडा आपला आणी व त्याचा सांभाळ करी. ही पद्धति पहिल्या महायुद्धानंतरच्या पुनर्रचनेंत मोडली, आणि पुढें सालुत्री हा शब्दहि कागदांवरून गेला.

आतां रुग्णालय. पश्चिम हिंदुस्थानांत जनावरांना आसरा देणाऱ्या जागा परकी प्रवाशांनीं फार पूर्वींपासून पाहिलेल्या आहेत. पिएत्रो देल्ला व्हाल्ले यानें १६२३ सालीं खंबायतेस अशा जागा पाहिल्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जेम्स फोर्ब्स यानें सुरतेच्या अशाच जागेंत घोडे, खेचरें, बैल यांपासून एका म्हाताऱ्या कांसवापर्यंत सर्व प्राणी असल्याचें लिहिलें आहे. मुंबईस १८३४ सालीं सर जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकारानें पांजरपोळ स्थापन झाला. परंतु पांजरपोळ व रुग्णालय यांत महदंतर आहे. पांजरपोळांत जनावर मरेपर्यंत सांभाळतात. रुग्णालयांत तें बरें करून कामावर परत पाठवितात. पहिल्यांत दया आहे, दुसऱ्यांत दयेबरोबर हिशेब आहे. घोडा हा हिशेबाचा प्राणी असल्यामुळें रुग्णालयाची निकड त्याच्याचमुळें भासूं लागली. ९ मे १८७४ रोजीं मुंबईंत घोड्यांची ट्राम सुरू झाली. उन्हाचा ताप लागूं नये म्हणून त्या घोड्यांना टोप्या घालीत. ती १९०५ पर्यंत चालली. त्याखेरीज व्हिक्टोरिया, इराणी आखातांतून येणारे अरबी घोडे आणि न्यू साउथ वेल्सहून येणारे ‘वेलर’. इतकीं जनावरें दगडी रस्त्यांवर रोज पळूं लागल्यावर लंगडणें, पोटशूळ व सांथीचे रोग हा शहराचाच प्रश्न झाला.

परळ येथें सर दिनशा माणेकजी पेटिट या गिरणीमालकांच्या देणगीनें त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय उभें राहिलें, आणि २ ऑगस्ट १८८६ रोजीं त्याच आवारांत मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. आजारी जनावर, शिकणारा विद्यार्थी व शिकविणारा आचार्य हे तिघे येथें एका कुंपणांत आले. त्यापूर्वीं १८६२ सालीं पुण्यास लष्करानें पशुवैद्यकाची एक शाळा काढली होती, पण ती फौजेपुरती. परळास भाड्याच्या गाडीचा घोडाहि येऊं शकत होता. पहिले प्राचार्य जे. एच. स्टील हे घोड्यांच्या रोगांचे मोठे जाणकार होते; १८८५ सालीं ब्रह्मदेशांत लष्करी खेचरांवर आलेल्या रोगाचा तपास त्यांनींच केला. ते १८९१ सालीं वारले.

तो रोग म्हणजे सर्रा. त्याची हकीकत थोडी विस्तारानें सांगण्याजोगी आहे, कारण सालोत्र्याची विद्या कोठें थांबत होती तें तींत स्पष्ट दिसतें. घोडा दाणा खात असतो आणि तरी वाळत जातो. ताप येतो, उतरतो, पुन्हां येतो. हिरड्या पांढऱ्या पडतात, पाय व पोटाची खालची बाजू सुजते, मागचे पाय लटपटतात, आणि शेवटीं तो पडतो. १८८० सालीं डेरा इस्माइलखान येथें ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यानें अशा घोड्यांचें रक्त सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें, तेव्हां त्यांत वळवळणारा एक सूक्ष्म जीव दिसला. हाच रोगाचें कारण, असें तो म्हणाला. वरिष्ठांना तें पटलें नाहीं. स्टील यांनीं ब्रह्मदेशांत तोच जीव पाहिला व त्यास इव्हान्सचें नांव दिलें. पुढें डिसेंबर १८८९ मध्यें पुण्याच्या सायन्स कॉलेजांत सरकारनें एक जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा उघडली. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनीं सर्‍यावर पुष्कळ काम केलें. १८९३ सालीं ती प्रयोगशाळा कुमाऊंतील मुक्तेश्वरास हलविण्यांत आली, आणि आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचें मूळ तेंच. चावणाऱ्या माशा हा रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात हें आतां निश्चित झालें आहे. वात, पित्त, कफ यांच्या वाटेनें येथवर पोंचणें शक्य नव्हतें. हें मान्य करण्यांत आपल्या पूर्वजांचा कांहीं अपमान होत नाहीं.

या रोगाच्या नांवाविषयीं मात्र दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाहीं. इंग्रजी कोशांत ‘सर्रा’ हा शब्द मराठी ‘सूर’, म्हणजे नाकपुडींतून चालणारा वारा, यावरून आल्याचें म्हटलें आहे. सूर या शब्दाचा तो अर्थ मराठींत आहे, यांत शंका नाहीं. उजवा सूर, डावा सूर हे स्वरोदयाच्या जाणकारांचे नेहमींचे शब्द आहेत. पण रोगाचें मुख्य लक्षण श्वासाचें नाहीं, आणि ज्या भागांत हा रोग प्रथम नांवासह नोंदला गेला तो सिंधुकांठचा मुलूख मराठीपासून शेंकडों कोस दूर. दुसरा पक्ष तो शब्द हिंदुस्थानी ‘सडा’, म्हणजे कुजका, याच्याकडे नेतो. माझा कल या दुसऱ्या पक्षाकडे आहे. आपल्या भाषेचा मान वाढतो म्हणून एखादी व्युत्पत्ति पत्करूं नये.

रुग्णालयानें आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे मारण्याचा अधिकार. ग्लँडर्स या रोगांत घोड्याच्या नाकांतून चिकट स्राव वाहतो, अंगावर गांठी फुटतात, आणि तो माणसासहि होतो. १८९९ च्या कायद्यानें असा घोडा ताब्यांत घेऊन, तपासून, रोग ठरल्यास नष्ट करण्याची सत्ता सरकारास मिळाली. सालोत्र्याकडे घोडा नेणारा मनुष्य औषध मागण्यास जाई. येथें मृत्यूचा हुकूम मिळूं लागला. गरीब गाडीवाल्यानें आजारी घोडा लपवून ठेवला तर त्यांत नवल काय? तरी कायदा आवश्यकच होता. २००६ सालीं महाराष्ट्रांत हा रोग पुन्हां उद्भवला तेव्हां घोडे मारावेच लागले. १८९९ चा कायदा २००९ च्या नव्या कायद्यानें रद्द झाला, पण नव्यांतहि तें कलम निराळ्या शब्दांत आहेच.

आतां ज्या दोषाचा आरंभीं उल्लेख केला त्याकडे येतों. सुमारें तीस वर्षांपूर्वीं एका तालुक्याच्या गांवीं शिक्षक असतांना, एका जुन्या शिलेदार घराण्याच्या वाड्यांत मला सालोतराचें एक बाड पाहावयास मिळालें. बाळबोध अक्षर, श्लोक अतिशय अशुद्ध, मधून मधून हिंदी दोहरे, चार-पांच पानांवर घोड्यांचीं रंगीत चित्रें, भोंवऱ्यांच्या जागा दाखविणारीं. मीं संस्कृताचा विद्यार्थी. माझें सारें लक्ष श्लोकांचे पाठ लावण्याकडे. तिसऱ्या दिवशीं सहज एक पान उलटें केलें तों मागील बाजूस मोडींत बारीक मजकूर दिसला. अमक्या रंगाच्या घोडीस पोटशूळ, चारा बंद, कोंबट पाणी, तिसऱ्या दिवशीं लीद पडली, पांचव्या दिवशीं दाणा खाल्ला. खालीं आणखी एक घोडा, तेंच औषध, आणि पुढें एकच शब्द: ‘मेला’. अशा नोंदी पानामागून पान. मीं चार पानांची नक्कल केली.

त्या एका शब्दाचें महत्त्व मला तेव्हां पुरतें कळलें नव्हतें. आपल्या संस्कृत ग्रंथांत औषध नेहमीं गुण देतें. जयदत्त असो, नकुल असो, योग सांगून झाला कीं फलश्रुति येते. घोडा मेल्याची नोंद शास्त्रकार करीत नाहीं. सालोत्र्यानें मात्र ती केली होती, आणि तीहि पवित्र पोथीच्या पाठीवर. इमारत, खोडा, नळी हीं रुग्णालयाचीं साधनें होत. परंतु ज्यामुळें रुग्णालय रुग्णालय ठरतें ती गोष्ट म्हणजे, काय दिलें, केव्हां दिलें व शेवट काय झाला, वाईट झाला तरी तो लिहून ठेवणें. डॉक्टरीणबाईंचा केसपेपर आणि त्या अज्ञात सालोत्र्याचीं मोडी पानें हीं एकाच जातीचीं आहेत, असें माझें मत झालें आहे. एका बाडावरून सर्वच सालोत्री असें लिहीत होते, असा सिद्धांत मी मांडीत नाहीं. पण एकानें लिहिलें हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

घराच्या मालकांनीं माझ्या सांगण्यावरून तें बाड एका संग्रहाकडे नेलें. तेथें सचित्र पानें ठेवून घेतलीं आणि बाकीचें ‘अशुद्ध, त्रुटित व पुनरुक्त’ म्हणून परत केलें. पुढच्या दिवाळीच्या सफाईंत तें रद्दींत गेलें. मी त्या संग्रहास एकट्यास बोल लावीत नाहीं. मीं स्वतः नऊ दिवस तें बाड हाताळलें, आणि त्यांतले आठ दिवस ज्या श्लोकांचे शुद्ध पाठ छापील पुस्तकांत मिळत होते त्या श्लोकांवर खर्च केले.

ज्यांच्या संग्रहीं सालोतर, फरसनामा, घोडपरीक्षा अशा नांवाचीं बाडें असतील त्यांना माझी विनंति आहे कीं, त्यांनीं त्यांची यादी करतांना श्लोकसंख्येबरोबर पानांची पाठहि पाहावी. समास, कोरीं पानें, बांधणीचे तुकडे, पुठ्ठ्याच्या आंत चिकटविलेले कागद, यांवर मोडी मजकूर असल्यास त्याची प्रथम नक्कल करावी. त्यांत जनावराचा रंग, रोग, औषध, तिथि व शेवट या पांच गोष्टी आहेत कीं नाहींत तें टिपावें. औषधांच्या वजनांचीं मापें जशींच्या तशीं उतरून घ्यावीं, तोळ्याचें ग्रॅम करूं नये. चित्रें असोत वा नसोत, पान सुटें करूं नये.

हा लेख लिहून होत आला तेव्हां मी त्या रुग्णालयांत पुन्हां गेलों. तट्टू तिसऱ्याच दिवशीं घरीं गेल्याचें कळलें. माझ्या वहींतील चार पानें मीं बाईंना दाखविलीं व मोडी मजकूर वाचून दाखविला. त्यांनीं तो शांतपणें ऐकला, मेलेल्या घोड्याची नोंद दोनदां वाचावयास लावली, आणि विचारलें, “याला औषध दुखणें सुरू झाल्यावर किती वेळानें दिलं होतं?” ती ओळ पुढच्या पानावर गेली होती, आणि तें पान माझ्या नकलेंत नाहीं.